जात्याला पॉलिश

लेकीच्या हळदीसाठी मी पुण्याहून दुबईला जातं आणलं. अठरा किलोंचा दगड, तोही चेक-इन बॅगेत! घरी पोचल्यावर आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या नेपाळी दीदींनी वरचा दगड उचलला, आतून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "मॅडम, इसके तो दाँत घिस गए." त्यांच्या गावी याला जाँतो म्हणतात. मका अजून त्यावरच दळतात आणि दगड गुळगुळीत झाला की छिन्नीने पुन्हा खडबडीत करतात. आपल्याकडे यालाच टाकी लावणं म्हणतात, हे मला दीदींमुळे आठवावं, याचाच आधी राग आला.

पण दुबईत टाकी लावणारा आणू कुठून? नवरा म्हणाला, "अल क्वोजमध्ये एक मार्बलवाला आहे. मी बघतो." त्या मार्बलवाल्याला नवऱ्याने काय सांगितलं देव जाणे. चार दिवसांनी जातं परत आलं ते आतून-बाहेरून चकाचक पॉलिश होऊन! वर नवऱ्याचं कौतुक, "एकदम फर्स्ट क्लास काम केलंय." लेक म्हणाली, "सो प्रिटी!" मी कपाळावर हात मारून घेतला.

हळदीच्या दिवशी पाच जणींनी खुंटा धरून जातं फिरवलं. हळकुंडाचे तुकडे आत नुसते घसरत राहिले. दीदी बराच वेळ खाली वाकून बघत होत्या. शेवटी हळूच म्हणाल्या, "मॅडम, नीचे तो कुछ आया ही नहीं. कब तक घुमाएँगे?"

"फोटो नीट येईपर्यंत," मी दातओठ खात म्हणाले.