काकूच्या चहात पडलेलं मेंटल

कबूलच करून टाकते. माझ्या काकूला मी पंधरा दिवस शिळ्या भाकरीवर ठेवलं, आणि तेही विज्ञानाच्या नावानं. महाराष्ट्र तेव्हा नवा होता, मी बुलढाण्याच्या कॉलेजात नवी होते, आणि माझ्या दोन वेण्यांमधल्या डोक्यात हवा भरायला पंप लागत नव्हता.

चुलतभावाच्या लग्नासाठी धामणगाव बढ्याला आले होते. वरातीच्या गॅसबत्त्या दुपारीच पुसून, नवी मेंटलं बांधून, एकदा पेटवून ठेवलेल्या. मेंटल म्हणजे बत्तीतली जाळीची पिशवी. पहिल्यांदा पेटली की तिचं सूत जळून जातं आणि राखेचा पांढरा सांगाडा तेवढा लोंबत राहतो. तो किती नाजूक असतो हे आतेबहिणींना दाखवायला मी काच काढलेल्या एका बत्तीत बोट घातलं. बत्ती टांगली होती चुलीवरच्या आढ्याला आणि खाली काकूच्या एकटीच्या चहाचा छोटा गंज उकळत होता. सांगाडा भुरभुरत थेट आधणात. आता खरं बोलावं की नाही? मी पळी घेतली आणि नीट ढवळून टाकलं. काकू आली, दोन कप प्याली आणि आज चहा चांगला जमला म्हणून मलाच शाबासकी देऊन गेली.

दुसऱ्या दिवशी पुस्तक चाळताना दिसलं की मेंटलची राख म्हणजे थोरियम नावाच्या धातूचं ऑक्साइड, आणि तो धातू किरणोत्सारी. गप्प बसवेना, कारण मला कॉलेजात घालण्यासाठी वडिलांशी भांडली होती ती हीच काकू. सांगितलं खरं, पण साधं सांगेन तर मी कसली. साखर जशी गरम पाण्यात जास्त विरघळते तशी ती राखही आधणात भरपूर विरघळली असणार, थंड पाण्यात पडली असती तर एवढं भ्यायचं कारण नव्हतं, असं सगळं शास्त्र तिच्यापुढे मांडलं.

त्या दिवसापासून काकूनं गरम काही तोंडाला लावलं नाही. पोटात जी राख उरली असेल ती तरी विरघळू नये, हा तिचा हिशोब. दिवसातून सहादा चहा पिणारी बाई कालची भाकर थंड ताकात कुस्करून खाऊ लागली. आठवड्यात तिच्या बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या. घरच्यांनी समजावलं तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणे, ती शिकलेली आहे, तिनं सांगितलं.

बुलढाण्याला परतले ती ठरवूनच, की हे खरं की खोटं शोधल्याशिवाय गावी तोंड दाखवायचं नाही. रसायनशास्त्राच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, करून बघा. मी एक मेंटल जाळलं, राख दोन बीकरमध्ये वाटली, एक थंड ठेवला, दुसरा तासभर उकळला. दोन्हींतलं पाणी गाळून काचेच्या दोन बश्यांत आटवलं. दोन्ही बश्यांत पांढरं कडं उमटलं. विरघळली की! काकूला मीच मारलं असं धरून मी तिथंच रडायला बसले. सरांनी शांतपणे विचारलं, पाणी कुठलं घेतलंत? माठातलं, मी म्हटलं. ते कडं आमच्या बुलढाण्याच्या पाण्यातल्या क्षारांचं होतं.

डोळे पुसले आणि पुन्हा मांडलं, या वेळी डिस्टिल्ड वॉटरमध्ये. आटवल्यावर दोन्ही बश्या लख्ख. तरी चार वेळा केलं. सर म्हणाले, एवढ्या आचेत भाजून निघालेलं हे ऑक्साइड पाण्याला दाद देत नाही, गरम असो की गार. विरघळलंच तर आपल्या तराजूला दिसणार नाही इतकं. आणि तापवलं की सगळंच जास्त विरघळतं हे तुम्हाला कुणी सांगितलं? चुन्याची निवळी तापवून बघा एकदा.

ती मी तापवली काकूच्या चुलीवर. लख्ख बश्यांवर तिचा भरवसा बसेना, म्हणून तिच्याच पानाच्या डबीतला चुना पाण्यात कालवला, वरची नितळ निवळी कॉलेजातून मागून आणलेल्या बीकरमध्ये घेतली आणि बीकर उकळत्या पाण्याच्या गंजात धरला. बघता बघता निवळी दुधासारखी गढूळ झाली. काकू वाकून बघत राहिली. मी सांगितलं, चुना गरम पाण्यात कमी विरघळतो, म्हणून बाहेर आला. तुझी राख तर पाण्यात शिरलीच नव्हती, आली तशी पोटातून निघून गेली.

"मंग साखरेचं काऊन सांगतलं मले?"

मला तेवढंच येत होतं, असं मी खाली मान घालून म्हटलं.

काकूनं बीकर बाजूला ठेवायला लावला, चुलीवर चहा चढवला आणि उकळता कप फुंकर न घालता संपवला. दुसरा ओतून घेत म्हणाली, "मले मराचं भेव नोतं, बाई. मी मेली असती तं तुह्या बापानं तुले कॉलेजातून काढलं असतं, त्याचं होतं. आता जाय, अन् साखरेच्या फुडचं बी वाचजो."