न मांडलेलं पान: उचगाव ते मलकापूर, पणजोबांच्या मागावर

भाद्रपद जवळ आला की आमच्या दादाचं जेवण कमी होतं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वय ब्याऐंशी, कोल्हापूरजवळच्या उचगावातच माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडं राहतो. पितृपंधरवड्यात आमच्याकडं म्हाळ घालतात, म्हणजे गेलेल्या प्रत्येक माणसाच्या नावानं केळीचं पान मांडायचं, त्याच्या आवडीचं वाढायचं आणि मोठ्यानं नाव घ्यायचं. आई, वडील, आजोबा, आजी, पणजी, सगळ्यांची पानं असतात. पणजोबांचं मात्र नसतं.

सखाराम त्यांचं नाव. तान्हं पोर पाळण्यात ठेवून ते बोटीनं आफ्रिकेला रूळ टाकायच्या कामाला गेले, ते परत आलेच नाहीत. ते तान्हं पोर म्हणजे आमचे आजोबा. पणजीनं, तानूबाईनं, मरेपर्यंत कपाळावरचं कुंकू पुसलं नाही. 'सांगावा आल्याबिगर त्येंचं पान मांडायचं न्हाय,' असं ती बजावून गेली. सांगावा काही आला नाही, आणि तिचा शब्द मोडायची कुणाची छाती झाली नाही.

दादानं पणजीला बघितलंय. मी तिच्यानंतर जन्मले. दादा सांगतो, ती भाकरी थापताना सुद्धा अधूनमधून वेशीकडं बघायची.

यंदा दादानं मला बोलावून घेतलं. म्हणाला, "सुमे, आता माझं पान मांडायची येळ आली. त्येंचं राहिलं आन् माझं मांडलं, हे बरं दिसंल व्हय? तू हिंडतीस, चार लोकांत बोलतीस. जितवर माग लागंल तितवर जाऊन इचारून ये."

मी तीर्थं हिंडले, गड हिंडले, त्याबद्दल इथं तुम्हाला सांगितलंही. पण असा प्रवास पहिल्यांदाच. म्हटलं, बघू.

सुरुवात कोल्हापुरातच केली, जुन्या कागदांच्या दफ्तरात. तुमच्यापैकी कुणाला असं काही शोधायचं असेल तर आधार कार्ड, साध्या कागदावर अर्ज आणि भरपूर सबुरी घेऊन जा. सकाळी लवकर गेलेलं बरं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मोडी वाचणारा माणूस आधी गाठा, नाहीतर कागद समोर येऊनही आपण नुसते मुंग्यांची रांग बघितल्यासारखं बघत बसतो. मला एक सेवानिवृत्त मास्तर भेटले. बरोबर माझी शेजारीण शालन होती. तिला पणजोबांशी काही देणंघेणं नव्हतं, आंबा घाटातली हवा खायची होती.

मास्तरांनी आमच्या मूळ गावच्या जुन्या जमिनीच्या कागदात बोट फिरवत फिरवत नाव काढलं. सखाराम, बापाचं नाव, जमिनीचा तुकडा. पुढं एकच शब्द होता. मास्तरांनी चष्मा पुसून तो वाचला, "परागंदा."

"म्हंजे काय ओ?" शालननं विचारलं.

"गाव सोडून गेला, ठावठिकाणा नाही."

"एवढं तर हिला घरातच ठावं हुतं की. ह्याच्यासाठी सकाळधरनं बसलोय?"

मास्तर हसले. मला हसू आलं नाही. मी त्या शब्दाखाली कितीतरी वेळ बोट ठेवून बसले. माझ्या माणसाचं नाव मी पहिल्यांदाच कागदावर बघत होते, आणि तिथंही तो निघून गेलेलाच होता.

दुसऱ्या दिवशी मध्यवर्ती बसस्थानकावरून रत्नागिरीकडं जाणारी एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळं मलकापूरच्या अलीकडपर्यंत दोघींचं मिळून एका चांगल्या जेवणाएवढेही पैसे गेले नाहीत. वाघबीळ चढलं की हवा पालटते. बांबवड्याला गाडी थांबली तेव्हा शालननं भजी घेतली आणि कंडक्टरलाही दिली. त्यामुळं पुढं त्यानं आम्हाला मूळ गावच्या फाट्यावर अगदी सावलीत उतरवलं. रस्त्याचं काम काही ठिकाणी चालू आहे, स्वतःची गाडी नेणाऱ्यांनी तास-दीड तास जादा धरावा.

आमचं मूळ गाव शाहूवाडी तालुक्यात, मलकापूरच्या अलीकडं आत आहे. फाट्यावरून वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी जीप, मिळते. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, गुडघ्याएवढा हिरवा भात आणि वर डोंगराला टेकलेले ढग. आमची भाऊकी अजून तिथं आहे. त्यातली गंगाक्का नव्वदीची. कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत.

तिच्याकडं तांदळाची भाकरी आणि वरण्याची आमटी जेवलो. जेवता जेवता मी विषय काढला. भाऊकीत सगळ्यांना माहीत होतं तेवढंच तिलाही माहीत होतं. गेले, आलेच नाहीत. कुणी म्हणतं बोट बुडाली, कुणी म्हणतं तिकडं दुसरं लग्न केलं. ते दुसरं लग्न आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही, पण मनात प्रत्येकानं कधी ना कधी आणलेलं आहे. मीही आणलंय.

मी म्हटलं, "एवढ्या लांब एकटा माणूस गेला, कमालच म्हणायची."

गंगाक्कानं भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. "एकटा कुटं? पिंजाऱ्याचा दस्तगीर हुता की संगं. दोगं तालमीतलं जोडीदार. त्यो माघारी आला."

मी हातातला घास ताटात ठेवला. "आला? मग आजवर कुणी सांगितलं कसं नाही?"

"कुणी इचारलं? तुमची सगळी इचारायला आली ती भाऊकीतच आली. सखारामचं काय झालं, सखारामचं काय झालं. पिंजाऱ्याच्या दारात कोण गेलं कवा?"

शालन मला म्हणाली, "शंभर वरसं चुकीच्या घरात इचारत बसलासा व्हय गं तुमी?"

खरंच होतं ते. आमच्यात माणसाची चौकशी करायची तर सोयऱ्याधायऱ्यांत, फार तर भटजीकडं. ज्याच्या खांद्याला खांदा लावून तो माणूस गेला, त्याचं घर आमच्या हिशेबातच नव्हतं.

दस्तगीरची माणसं आता मलकापुरात असतात. बाजारपेठेत त्यांचं गादी-उशांचं दुकान आहे, कुणालाही विचारा, सांगतात. आम्ही पोचलो तेव्हा दुकानाचे मालक इस्माईलभाई उशीला टाके घालत बसले होते. दस्तगीरचे नातू, वय दादाएवढंच असेल. त्यांना आम्ही गिऱ्हाईकच वाटलो.

"या पावणं, बसा. गादी पायजेल का गिरदी?"

"माणूस पायजेल," शालन म्हणाली.

मी गावाचं नाव सांगितलं. पणजोबांचं सांगितलं. इस्माईलभाईंनी सुई उशीतच खोचून ठेवली आणि माझ्याकडं बघत राहिले. मग आतल्या बाजूला वळून म्हणाले, "सखारामच्या घरची आल्यात." आतून त्यांच्या घरवाली पदर सावरत बाहेर आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. त्या घरात आमचं नाव कुणाला नवीन नव्हतं.

"ताई, आमच्याकडं तुमची ठेव हाय," इस्माईलभाई म्हणाले. "आज्जा माझ्या बाला सांगून गेला, बा मला. आपन हून जायाचं न्हाय म्हणाला, पर कोन इचारत आलं तर झाकून ठेवायचं न्हाय."

मी म्हटलं, "सांगा."

"तिकडं जंगलात ताप आला. दोन दिसांत गेला बगा. त्यानं आदीच सांगून ठेवलंवतं, दस्तू, मला मातीत घालू नगं, आमच्यात जाळत्यात. तापाला भिऊन दुसरं कोन हात लावीना. मग आज्ज्यानंच रुळाखालची लाकडं गोळा किली आन् त्यानंच अग्नी दिला."

दुसरं लग्न नाही, काही नाही. दुकानात कापसाची धूळ उन्हात तरंगत होती. शालन, जी कधी गप्प बसत नाही, ती माझा हात धरून बसली होती.

"माघारी आल्यावर आमच्या घरी का नाही आले मग ते?"

"आलता की. बोटीतनं उतरून, घाट चडून, आपल्या घरला जायाच्या आदी तुमच्याच दारात गेलता. तुमच्यात रीत हाय न्हवं, मयताचा सांगावा घिऊन आलेल्यानं त्या घरचं पानी प्यायचं न्हाय, दारातनंच सांगून माघारी फिरायचं? त्यो दारातच उबा ऱ्हायला. तुमची पणजी भाईर आली. काकंला पोरगं, कपाळाला कुक्कू. हा एकटाच आलाय आन् आत येत न्हाय, हे तिनं बगितलं. त्यानं तोंड उगडायच्या आदी तिनं तांब्या म्होरं केला. म्हणाली, भावजी, लांबनं आलासा, आदी पानी घ्या."

इस्माईलभाईंनी दाराकडं बघितलं. त्यांच्या घरवालीनं पुढचं सांगितलं. "न्हाय म्हणवलं न्हाय त्यास्नी. पिलं पानी. मग तिनं भाकरी वाडली, ती बी खाल्ली. त्या घरचं खाल्ल्यावर सांगावा कसा सांगनार? तिनं एक शबुद इचारला न्हाय. उटताना म्हणाली, त्येंची गाठ पडली तर सांगा, पोरगं चालाय लागलंय."



म्हणजे पणजीला तेव्हाच कळलं होतं. सांगावा दारापर्यंत आला होता, तिनंच त्याला आत घेऊन जेवू घातलं आणि गप्प केलं. आणि नंतरची सगळी वर्षं सांगावा आल्याबिगर पान मांडायचं नाही म्हणत राहिली. वेशीकडं बघायची ती कुणाची वाट, हे आता मला कळेनासं झालंय.

चहा आला, नानकटाई आली. निघताना इस्माईलभाई म्हणाले, "शबेबारातला आमी आमच्या मयतांच्या नावानं हलवा-रोटी ठिवतो. त्यात एक ताट सखारामचं असतंय. आज्ज्यानं सुरू केलंय, अजून चाललंय. तुमच्या घरला सांगा, माणूस उपाशी न्हाय."

संध्याकाळी आंबा घाटात गेलो. मलकापुरातून जीपवाले जातात, घासाघीस करावी लागते. रात्रीच्या राहण्याला घाटाच्या आधी साधी लॉज आहेत, जेवण आधी सांगावं लागतं. गव्याच्या वाटेवर गाडी थांबवू नका. कठड्याजवळ धुकं इतकं, की खाली कोकण आहे यावर विश्वासच ठेवायचा. ते दोघं तरणे जोडीदार ह्याच डोंगरातून कुठूनतरी खाली उतरले असणार. उतरताना काहीतरी चेष्टा चालली असणार, तालमीतली पोरं ती. मी धुक्यात बघत उभी राहिले. मला त्यांचा चेहरा माहीत नाही. फोटो नाही, कुणी सांगितलेलंही नाही. बघायचं म्हटलं तर काय बघायचं तेच कळत नव्हतं, तरी तिथून हलवेना.

शालन म्हणाली, "चल बाई, मी गारठलो." मग जरा थांबून म्हणाली, "थांब आनी, तुला पायजेल तर."

दुसऱ्या दिवशी दुपारी उचगावला उतरले ती थेट दादाकडं. वहिनीनं पाणी आणून ठेवलं. मी तांब्याला हात लावला नाही. दादा त्या तांब्याकडं बघत राहिला, मग माझ्याकडं.

"आणलास व्हय सांगावा," तो म्हणाला. "बोल."

मी सगळं सांगितलं, काही राखलं नाही. तापाचं सांगितलं, लाकडांचं सांगितलं. पणजीचं सांगताना दादानं डोळे मिटून घेतले. पोरगं चालाय लागलंय, हे त्यानं मला दुसऱ्यांदा सांगायला लावलं. आमच्या आजोबांचं ते चालणं. पुढं गुडघे दुखून काठी घेतलेले आजोबाच आम्हाला आठवतात.

मी विचारलं, "मग यंदा मांडायचं ना त्यांचं पान?"

"न्हाय," दादा म्हणाला.

वहिनी म्हणाल्या, "अवो, आता सांगावा आला की."

"तिच्या दारात आलेला तिनं घेतला न्हाय. ती मरस्तवर सवाष्ण ऱ्हायली, ती तिच्या जिवावर. आता तिच्या पानाशेजारी त्येंचं पान मांडून मी तिला रांडाव करू?" त्यानं मान हलवली. "आन् त्येंचं ताट तिकडं चाललंय न्हवं? चालू दे."

मला वाटलं, इथंच विषय संपला. मी पाणी प्यायले. एवढं हिंडून आले आणि पान काही मांडलं जाणार नाही, म्हणून मन खट्टू झालं होतं, ते लपवून काय उपयोग?

तेवढ्यात दादा म्हणाला, "त्या इस्माईलभाईचा फोन नंबर घेतलायस का?"

घेतला होता.

"लाव. दस्तगीरला खायाला काय आवडायचं, इचार."

मी लावला. पलीकडं इस्माईलभाईंना आधी काही कळेना. मग ते घरात कुणाला तरी विचारून आले. गव्हाची खीर, गूळ जरा जास्त.

परवा आमच्याकडं म्हाळ झाला. दादाला उभं राहवत नाही, तरी खुर्ची घेऊन बसला आणि एकेक नाव घेत गेला. आई, वडील, आजोबा, आजी, पणजी. त्यानंतर नवीन पानावर वहिनींनी खीर वाढली आणि दादानं मोठ्यानं नाव घेतलं, दस्तगीर. भाऊकीतले दोघंतिघं एकमेकांकडं बघायला लागले. "बगताय काय," दादा म्हणाला, "अग्नी दिलाय त्यानं. मुलाच्या जागंला हाय त्यो ह्या घरात."

तुम्ही कुणी असा माग काढायला निघालात तर माझं एवढंच ऐका. गेलेल्या माणसाचं काय झालं हे विचारण्याआधी त्याच्याबरोबर कोण गेलं होतं ते विचारा, आणि त्या घरी जा. कागद बघा, पण कागदावर थांबू नका.

बाकी माझं म्हणाल, तर ती जागा कुठली, ते जंगल कुठलं, हे काही कळलं नाही आणि आता कळायचंही नाही. नकाशात आफ्रिका बोटाएवढी दिसते. मी रात्री फोनवर ती मोठी करून बघते, रुळाची काळी रेघ धरून हळूहळू सरकत जाते, आणि प्रत्येक स्टेशनाला वाटतं, इथंच कुठंतरी असेल.