पेन्शन बंद करायला गेले तेव्हा

माझा डावा पाय गुडघ्याखाली नाही. लहानपणी भाताच्या खाचरात घोणस चावली, दवाखान्यात पोचायला उशीर झाला आणि पाय कापावा लागला. आधी कुबडी होती, बारावीनंतर कृत्रिम पाय मिळाला. जव्हारजवळ जामसरला आमच्या घरात आई, दादा, वहिनी, त्यांची मुलं आणि मी. मोठी झाल्यावर मला निराधार योजनेतून अपंगांचं अनुदान सुरू झालं. घरात त्याला सगळे पेन्शन म्हणत. भातकापणी उरकून दादा भिवंडीकडे कामाला गेला की तेल-मीठ त्याच पैशांवर यायचं. त्यामुळे घरात माझा शब्द थोडा चालायचा, हेही खरं.

मग मोखाड्याला एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात मला सहायक अधीक्षिकेचं काम मिळालं. करार अकरा महिन्यांचा. मानधन त्याच बँकखात्यात जमा होऊ लागलं जिथे पेन्शन यायची. बँकेचं काम पाहणारा गावातला मुलगा हसून म्हणाला, "ताई, आता दोन्हीकडून येतंय की तुला!"

तो चेष्टेनेच म्हणाला होता, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. पेन्शन चालू राहायला दरवर्षी उत्पन्नाचा दाखला द्यावा लागतो, आणि माझं मानधन ठरलेल्या मर्यादेच्या वर जात होतं. त्यातच सगळ्यांची पडताळणी होणार अशी बातमी पाड्यापाड्यांत फिरत होती. शेजारच्या गावातल्या एका माणसाला पैसे परत भरायला सांगितलं आणि त्याच्या बायकोने शेळ्या विकल्या, असं वहिनी विहिरीवरून ऐकून आली. वसतिगृहात कोणाचाही फोन वाजला की मला तहसीलचाच वाटायचा. मुलींना जेवण वाढताना मी मोजणी चुकायला लागले. दोन महिने असे काढल्यावर मी ठरवलं, जाऊन सांगून टाकायचं.

रविवारी घरी आले. दादा खळ्यावर भाताचे भारे झोडत होता. मी सांगितलं तसा त्याने हातातला भारा तसाच खाली टाकला.

"कोणी इचारला तुला?"

"कोणी नाही."

"मग कशाला सांगायचा? अकरा महिन्यांनी काम गेला तं? एकदा बंद झालेली पेन्शन परत चालू व्हायला किती फिरवतील, ठाव हाय ना?"

"ठाऊक आहे."

"आन् आपला पिवला कार्ड? तुझा पगार घरात धरला तं रेशन जाईल. आईने काय खायाचा?"

याचा विचार मी केला नव्हता असं नाही. मी तो बाजूला ठेवला होता. आई सुपात भात पाखडत होती. तिने वर पाहिलं नाही. मी म्हटलं, "दादा, त्यांनी शोधून काढलं तर चोर ठरेन मी." तो म्हणाला, "आन् सांगितलास तं खुली ठरशील." खुळी म्हणजे वेडी. त्याने भारा उचलला आणि पुन्हा झोडायला लागला.

दुसऱ्या दिवशी मी जव्हारला उतरून तहसील कार्यालयात गेले. टेबलावरच्या मॅडम मान वर न करता म्हणाल्या, "पैसे आले नाहीत का? आधार लिंक आहे का बघा."

"पैसे येतात. ते बंद करायचेत."

त्यांनी वर पाहिलं. "कोण वारलंय?"

"कोणी नाही. माझेच आहेत. मला काम लागलंय."

मागे रांगेत कोणीतरी हसलं. मॅडमनी मला आत साहेबांकडे पाठवलं. साहेबांनी माझा अर्ज वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. पंजाबी ड्रेस, दोन्ही पायांत बूट. मी चालत आत आले होते.

"अपंगत्व कशाचं आहे?"

"पायाचं."

"दिसत नाही तसं."

मी ओळखपत्र पुढे केलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. मी एक गोष्ट सांगायला आले होते आणि त्यांना दुसरीच वाटायला लागली होती. हे प्रमाणपत्रच खोटं म्हणाले तर? आजवरचं सगळं परत मागितलं तर? मी शेजारच्या खुर्चीवर बसले, सलवार वर केली आणि पायाचा पट्टा सोडायला लागले.

"राहू द्या, राहू द्या," साहेब घाईघाईने म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. पट्टा पुन्हा बांधायला मला वेळ लागला.

मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "काम कधी लागलं?"

"दोन महिने झाले."

"मग दोन महिने का थांबलात?"

"भीती वाटली."

त्यांनी अर्जावर काहीतरी लिहिलं. "रेशन कार्ड कोणाच्या नावावर आहे?"

"आईच्या," मी म्हटलं, आणि दादाचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

"तलाठी चौकशीला येतील."

तलाठी भाऊसाहेब आले तेव्हा मी रजा घेऊन घरीच थांबले होते. वहिनीने त्यांना कोरा चहा दिला. त्यांनी कुडाच्या भिंती, चूल, कोपऱ्यातली भाताची कणगी सगळं पाहून घेतलं आणि आईला विचारलं, "आजी, मुलगी तुमच्यात राहते की वेगळी?"

आईच्या आधी दादा बोलला, "वेगली राहते. मोखाड्याला."

भाऊसाहेबांचं पेन थांबलं. दादाने माझ्याकडे पाहिलं, गप्प राहा म्हणून. मी गप्प राहिले. एकट्या माझ्या पेन्शनचा प्रश्न असता तर बोलले असते. समोर आईचं ताट होतं. आठवड्याचे सहा दिवस मी मोखाड्यालाच असायचे, म्हणजे तसं ते अगदी खोटंही नव्हतं.

"खरं का आजी?"

आईने पदर सावरला. मग म्हणाली, "रविवारची येते. तिचा आथरून ह्याच घरात हाय. माझी पोर वेगली कशी सांगू?"

दादा उठून बाहेर गेला. भाऊसाहेबांनी लिहून घेतलं आणि त्याखाली आईचा अंगठा घेतला. आईने नियमाचा विचार करून उत्तर दिलं असं मला वाटत नाही. मला घराबाहेरची म्हणायला तिची जीभ वळली नाही, एवढंच.

पेन्शन बंद झाली. दोन महिन्यांचे पैसे परत मागितले, ते भरले. त्यापुढे दर महिन्याला आई पिशवी घेऊन रेशनच्या दुकानात जायची आणि यंत्रावर अंगठा टेकवायची, तेव्हा आज नाही म्हणतील अशी आम्हा सगळ्यांना धास्ती असायची. पण तांदूळ मिळत राहिला. कार्ड पिवळंच राहिलं. का राहिलं, ते कोणी सांगितलं नाही आणि विचारायचं धाडस मलाही झालं नाही.

अकरा महिने भरले आणि दादा म्हणाला होता तसंच झालं. करार संपला, नवा झाला नाही. मी पेन्शनसाठी पुन्हा अर्ज केला. आवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते. सगळे चिखलात, आणि मी घरात नागलीच्या भाकरी थापत. दादा जेवायला बसला की मी मनातल्या मनात वाट पाहायचे, आता म्हणेल. एकदा त्याने सुरुवात केलीच, "पेन्शन असता तं..." आईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने भाकरीचा तुकडा तोडला आणि माझ्या ताटात कालवण वाढलं.

अर्ज मंजूर होण्याआधी संस्थेचा फोन आला, पुन्हा कामावर या म्हणून. मी दादाला सांगितलं, "आधी जव्हारला जायला लागेल. अर्ज मागे घ्यायचाय."

तो उठला. शेजाऱ्याची मोटारसायकल मागून आणली, मला मागे बसवलं आणि तहसीलच्या फाटकाशी भिजत उभा राहिला. मी बाहेर आले तेव्हा त्याने विचारलं, "झाला?"

"झालं."

"बस. पाय नीट ठेव, रस्ता निसरडा हाय."