राणीचं काम

दादरची दीड खोली विकून आम्ही नवराबायको करंजाडेला राहायला आलो, तेव्हा मी मोठ्या स्वयंपाकघरावर खूश होते. मागे काय सुटलं ते पहिल्याच शनिवारी कळलं. दादरला भाजीला म्हणून निघायचं, नाट्यगृहाचा फलक दिसायचा, आणि पिशवी मांडीवर घेऊन आम्ही नाटकाला बसायचो. इथून पनवेलचं नाट्यगृह तसं जवळ. पण हवं ते नाटक कधीतरीच लागतं, तेही आधी ठरवून, रिक्षाची सोय बघून. मनात आलं आणि गेलो, असं नाही.

गणपतीत मी सोसायटीच्या सेक्रेटरींना म्हटलं, "एक एकांकिका बसवूया."

"काकू, कशाला टेन्शन घेता? ऑर्केस्ट्रा सांगितलाय. पब्लिकला तेच लागतं."

शेवटी दुपारचा अर्धा तास मिळाला. कॉलेजात लिहिलेलं माझंच एक स्वगत मी क्लबहाउसमध्ये वाचलं. ऐकायला सात जण.

वाचून झालं तसे मागच्या खुर्चीवरचे काका उठले. ऐंशीच्या घरातले, मूळ इथल्याच गावचे. आमची इमारत त्यांच्या शेतावर उभी आहे.

"बाय, आवाज मागं येत नाय," ते म्हणाले. "आमी भाताचे खल्यावर नाटक करायचो. माइक नव्हता. शेवटचे मानसाला आयकू जायचा."

"तुम्ही कसलं काम करायचात?"

"बायांचा. रानी मीच."

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल डोक्यावरून घेतला आणि राणीचा विलाप सुरू केला. आवाज थरथरत होता, पण पार दारापर्यंत पोचत होता. त्यांच्या सुनेने हातातलं प्रसादाचं ताट खाली ठेवलं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

"ते खळं कुठे होतं?" मी विचारलं.

"आपले पार्किंगमदी."

त्यांनी नाट्यगृह आतून कधीच पाहिलं नव्हतं. डिसेंबरात आम्ही त्यांना टॅक्सीने दादरला नेलं. मध्यंतरात सगळे वड्यांकडे धावले. काका रंगमंचापाशी जाऊन विंगेत डोकावत राहिले. प्रयोग संपला, खुर्च्या रिकाम्या झाल्या, तरी उठेनात.

"चला ना, काका."

"बस जरा," ते म्हणाले. "आमचे गावान एवरा सगला बांधला. असा एक नाय बांधला."

मीही बसले.