हबीब मास्तरांची वही मी परत केली

दामूअण्णा, गुडघा आता जोतं चढू देतो का? काशीनाथ, हसनाबादच्या हवेनं खोकला हटला, का अजून विडीचीच बाजू घेतोस? सुंदरावहिनींचा डोळा निवळला असेल. मी धडधाकट आहे, फक्त एक गोष्ट सांगून मोकळं व्हायचंय...

परवा परतूर स्टेशनावर हबीब मास्तरांना पोचवायला गेल्तो. इथल्या शाळेत शास्त्र शिकवायचे. बदली झाली, बीदरला गेले.

तुम्हाला ठाऊकच आहे, चौथीपुढं मी शाळा पाहिली नाही, तीही उर्दूच. जन्म गेला कापसाच्या बाजारात, मापाडी म्हणून. पण म्हातारपणी अणूच्या आतल्या त्या नव्या शास्त्राचं वेड लागलं... तिथं म्हणे उजेडसुद्धा सलग येत नाही, वाण्याच्या पुड्यांसारखा सुटा सुटा येतो.

मास्तरांनी हैदराबादेत शिकताना लिहिलेली त्यांची उर्दू वही मला दिली. तीन महिने मी ती मराठीत उतरवत बसलो. गणित आलं की मात्र तेवढ्या ओळी सोडून द्यायचो. म्हटलं, आपल्याला भाकरीशी मतलब, जातं कोण ओढतंय...

एकदा मास्तरांशी वाद घातला. "कण कुठं आहे ते नक्की धरलं की त्याचा वेग निसटतो म्हणता. मंग तुमचा तराजूच खोटा असंल."

मास्तर हसले. "तराजू बराबर आहे, काका. मालच तसा आहे. जुम्म्याला शाळेला सुट्टी असते, तेव्हा या. दोघं बसून गणित करू."

एकाही शुक्रवारी मी गेलो न्हाई. साठी उलटलेला माणूस तिशीच्या पोरापुढं पाटी घेऊन बसला, असा बाजारात बोभाटा झाला असता. त्याच बाजारात मी अणूवर तास तास बोलायचो... रघू हमाल म्हणायचा, "मापाडीकाका, एक कण तोलून दाखवा की." लोक हसायचे, मला तेही गोड वाटायचं.

तर स्टेशनावर मी वही पुढं केली. मास्तर म्हणाले, "राहू द्या तुमच्याकडं. सगळं समजलं का पण?"

"बिलकुल," मी म्हणालो. "माझी उतरून झाली."

त्यांनी वही पिशवीत घातली. किती खूश झाले होते... गाडी हलली तेव्हा खिडकीतून म्हणाले, "आता तुम्ही शिकवा कुणाला तरी."

घरी आलो, चहा घेतला, माझी वही उघडली. पानोपानी माझ्याच अक्षरात लिहिलेलं, 'यावरून असे सिद्ध होते की...' आणि त्याच्या वर कोरी जागा. कशावरून, ते कुठंच नाही.

दुसऱ्याच्या मापातली गुंजभर चूक मी कधी सोडली नाही. स्वतःला समजलं नाही, एवढं सांगायला मात्र तोंड उघडलं नाही. किती जुम्मे वाया घालवले... मास्तर तर चार घरं सोडून राहायचे.

आज त्यांना लिहिलं. खोटं बोललो, मला काही समजलं नव्हतं. जमलं तर पहिलं गणित पत्रातून पाठवा, अगदी लहान लेकराला सांगतात तसं.

पाकीट टपालात पडलंय, आता परत घेता येत नाही. त्यांचं उत्तर येईल का, ठाऊक नाही. तोवर टपालवाला दिसला की मी दारात जाऊन उभा राहणार... तेव्हा तुम्ही तरी जल्दी लिहा.