डॉन लेओबार्दोची भोवरी

आमच्या गल्लीतल्या न्हाव्याला, डॉन लेओबार्दोला, देवानं नाचायलाच जन्माला घातलं होतं. पाय साडेसव्वीस मापाचे आणि बूट पंचवीसचे, एवढीच काय ती गडबड. काळे-पांढरे, टोकदार, चकचकीत बूट. "लहान पाऊल हे खानदानी माणसाचं लक्षण," असं तो गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा ठेवून सांगायचा, त्यामुळे कुणी वाद घालत नसे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. बूट घट्ट होतात म्हणून ओरडणारं घरात कुणी उरलं नव्हतं.

व्हेराक्रूसच्या चौकात रविवारी संध्याकाळी बँड वाजतो आणि आम्ही म्हातारेकोतारे दान्सोन नाचतो. त्या आठवड्यात डोन्या निन्फानं त्याला पहिल्यांदाच होकार दिला. ही बाई नाचात देवाची भीड ठेवणारी नव्हे. "नाचेन," ती म्हणाली, "पण लंगडलात तर त्याच पावली डॉन ग्रासियानोबरोबर नाचायला जाईन."

आणि नेमकी पायाच्या करंगळीवरची भोवरी, घट्ट बुटानं झालेलं कुरूप, टरारून सुजली. लेओबार्दो पाय ओढत बाजारात माझ्या औषधी झाडपाल्याच्या दुकानी आला.

"ओब्दुलियाबाई, हा पाय गेला तर मी गेलो हो!"

"गप बसा. कच्च्या लसणाची चकती बांधा. माझ्या आजीनं याच्यावर अर्धं गाव चालतं केलं."

मी बांधून दिली. तो गुमान घरी गेला असता तर काही बिघडलं नसतं. पण आमच्याकडे औषध नाकारणं म्हणजे देणाऱ्याच्या आजीला थडग्यातून उठवून शिवी देणं. कोपऱ्यावर शेजारीण चाबेलानं त्याला गाठलं. तिनं भाजलेल्या टोमॅटोची फोड दिली. पावाच्या दुकानातल्या पेत्रानं लिंबू आणि मीठ. समोरच्या म्हातारीनं पलंगाखालून दुखण्यावर चोळायच्या, गांजा मुरवलेल्या अल्कोहोलची बाटली काढली. ती आमच्याकडे घरोघरी असते आणि ती कुणाची हे कुणीच सांगत नाही. लेओबार्दोला एकीचंही मन मोडवेना. एकेक करून बघावं की नाही? या शहाण्यानं सगळं एकाच पायावर, एकावर एक बांधलं, वर मोजा चढवला आणि वर तेच बूट. अति तिथं माती म्हणतात. इथं चटणी झाली. कोथिंबीर तेवढी राहिली होती.

रविवारी तो निन्फाचा हात धरून चौकात उतरला. खोटं कशाला बोलू, सुंदर नाचला. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम, पण पाऊल एका फरशीबाहेर नाही.

दान्सोनमध्ये मधेच सगळी जोडपी थांबतात. बँड वाजत राहतो, बायका पंखे उघडतात आणि सगळे ताठ उभे राहतात. त्या वेळी हलायचं नसतं. नेमकं तेव्हाच मासळीबाजाराच्या बाजूनं एक कुत्रं आलं आणि लेओबार्दोचा बूट हुंगू लागलं. मग दुसरं आलं. तिसऱ्यानं तर चाटायलाच सुरुवात केली. लेओबार्दो पुतळ्यासारखा उभा. डॉन ग्रासियानो मोठ्यानं म्हणाला, "न्हावीबुवा, चटणीचा टाको कसा दिला?" अख्खा चौक हसला. लेओबार्दोचे डोळे भरून आले. ते मी पाहिलं.

निन्फानं पंखा मिटला. वाकून वास घेतला.

"कुठलं बोट?"

"क... करंगळी."

"कच्चा लसूण कुठल्या गाढवानं बांधला? कातडं जाळतो तो! भाजून बांधायचा असतो."

मी दोनच खुर्च्या पलीकडे बसले होते हो! गाढव म्हणे!

तिनं त्याला बाकावर बसवलं, दोन्ही बूट ओढून काढले, मोजे काढून ती सगळी चटणी कुत्र्यांपुढं टाकली. कुत्र्यांनी चाटून साफ केलेल्या फरशीवर त्याचे ते मोठे, लालबुंद पाय सगळ्यांना दिसले. त्यानं ते बाकाखाली लपवू पाहिले.

"केवढे पाय!" निन्फा म्हणाली. "एवढे असताना कोंडून कशाला ठेवलेत? उठा. पुढचा नाच सुरू झाला."

"अनवाणी? निन्फाबाई, फरशी गार आहे. गारवा छातीत चढेल. आजारी पडेन मी."

"पडा," ती त्याचा हात धरत म्हणाली. "आता मी आहे ना तुमच्या घरी."