मोबाइलवरचा घास

शंकर, मी गाव सोडलं तेव्हा भाजीच्या ट्रकात कोबीच्या पोत्यांवर बसून निघालो. आई ट्रकाला धरून चार पावलं चालली. "पोट तिकडं भर, पण सुखदुःखाचा सण भावकीत कर," म्हणाली. चाळीस वर्षं वाशीच्या मार्केटात पाठीवर पोती वाहिली, पण तिचा शब्द मोडला नाही. तू तो एका फोनात मोडलास.

रीत तुला ठाऊक हाय. घरातलं माणूस गेलं की पहिल्या सणाला त्या घरात कढई चढत नाही. भावकीनं ताट घेऊन यायचं, दुःखातल्या माणसाला आपल्या हातानं घास भरवायचा, तेव्हा सण सुटतो. तुझं थोरलं पोरगं गेलं, त्या दिवाळीला तुझी वहिनी करंज्यांचा डबा मांडीवर घेऊन एसटीनं आली. तुझी बायको तोंड उघडेना. हिनं तिला कुशीत धरून तासभर बसून घास भरवला. आता हीच गेली, तर तुला यायला जमंना.

"दादा, गाड्यांना लई गर्दी. टेन्शन घेऊ नका, व्हिडिओ कॉल लावतो," म्हणालास. लावलास. जुईनगरच्या फ्लॅटात मी आंघोळ करून बसलेलो, पोरानं मोबाइल तोंडापुढं धरला. तिकडं तुमची सगळ्यांची पंगत. तू करंजी मोबाइलला लावलीस. "दादा, आ करा. भरवला समजा." मागं तुझी सून फिदीफिदी हसली. मी काय देव्हाऱ्यातला फोटो हाय, नैवेद्य दाखवायला?

मी मोबाइल पालथा घातला. माझी सून कोकणातली, तिला आपली ही रीत माहीत नव्हती. तरी एकदा सांगितल्यावर दिवाळीभर तिनं कढईला हात लावला नाही. सगळ्या सोसायटीत तळणाचा वास, आणि आमी तिघं वरणभात गिळत बसलेलो. पोरगा म्हणतो, "आबा, सोडा ना आता." का सोडू? तिच्या नावाचा घास हाय तो.

आजवर कुणी घर विचारलं की मी गावाचं नाव सांगायचो. इथं नुसता राहतो म्हणायचो. आता संक्रांतीपर्यंत वाट बघतो. ताट घेऊन आलास तर तोंड उघडीन. नाही आलास तर सुनेला सांगणार, बाई, चढव कढई आणि तूच भरव. मग हेच माझं घर. पोराला बजावून ठेवलंय, माझी राखसुद्धा तिकडं न्यायची नाही.